ग्राहकाची सही

मुलुंड पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
यादीत नाव होतं भार्गव रामचंद्र मुणगेकर.
दार उघडलं बाईंनी, हाताला पीठ.
म्हणाल्या, ते माझे सासरे,
जाऊन अकरा वर्षं झाली.
मीटर अजून त्यांच्याच नावाने फिरतो.

पाच वर्षांनी एकदा येतो मी
साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन.
रबरी नळीवरची तारीख वाचतो,
सांध्यांना फेस लावून वाट बघतो.
शेजारचं पोर येऊन मागे उभं राहतं.
त्याला बुडबुडा हवा असतो,
मला नको.

मग विचारलं, गीझर?
गीझर चकचकीत होता.
वरून निघालेला पत्र्याचा पाइप
कोपऱ्यात वळून पीओपीच्या छतात शिरलेला.
स्टुलावर चढून मी पट्टी सरकवली.
पाइप तिथेच संपत होता.
माळ्यावर गणपतीचं मखर, एक जुनी बॅग
आणि त्यांच्याकडे बघणारं पाइपचं काळं तोंड.

आणि खिडकीच्या झडपा?
'पारव्यांचा फार त्रास हो,
यांनी थर्माकोल लावून वरून टेप मारली.'
टेप इतकी नीट मारली होती
की मला त्या माणसाचं कौतुक वाटलं.

डोकं दुखतं का कुणाचं, मी विचारलं.
हा प्रश्न फॉर्मवर नाही.

बाई चौकटीला टेकल्या.
माझंच. रविवारी. न्हाणं झालं की.
केस लांब आहेत, वेळ लागतो,
बाहेर आले की घण पडतात, मळमळतं.
डॉक्टर म्हणतात पित्त.
हे म्हणतात, बरं रविवारीच दुखतं तुझं,
माझी बहीण जेवायला येते नेमकी तेव्हा.
सहा हिवाळे सूतशेखर घेतेय.

आता हे कसं सांगायचं.
नळीतल्या गॅसला वास असतो,
तो मुद्दाम मिसळलेला, तुम्हाला कळावं म्हणून.
ज्योत गुदमरली की जो निघतो
त्याला कोणी वास लावत नाही.
तो रक्तात हवेची जागा धरून बसतो
आणि उठत नाही.
बाई आतून कडी लावून गाणं म्हणत असतात,
मग गाणं थांबतं,
घरातले म्हणतात, झालं वाटतं.

हे शेवटचं मी बोललो नाही.

'म्हणजे पित्त नव्हतं,' त्या म्हणाल्या.
मी डॉक्टर नाही, मी म्हणालो,
व्हॉल्व बंद केला, लाल चिठ्ठी बांधली.
गीझर बाथरूमच्या बाहेर घ्या.
पाइप भिंतीतून थेट उघड्यावर काढा,
कुणाच्या खिडकीखाली नको,
तोंडाला टोपी, टोपीला जाळी.
थर्माकोल मात्र आत्ताच, माझ्यासमोर.
त्यांनी उलथनं आणलं.
टेप सोलली तेव्हा झडपांमागे
काड्या, वायरचे तुकडे, एक वाळलेलं अंडं.
आणि रस्त्यावरच्या भंगारवाल्याची हाक
पहिल्यांदाच त्या बाथरूममध्ये आली असावी.

ग्राहकाची सही, इथे.
बाईंनी पेन धरलं, थांबल्या.
'सासऱ्यांची करू की यांची?'
जो घरात आहे त्याची करा.
पद्मजा, त्यांनी लिहिलं, इतकं मोठं
की आडनावाला जागा उरली नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी
त्या इमारतीच्या मागून गेलो.
मला ते लांब पडतं.
तिसऱ्या मजल्याच्या भिंतीतून नवं कोरं तोंड, जाळीसकट.
शेजारच्या पत्र्यावर पारवा
पाय पोटाखाली घेऊन उबेला बसलेला.
साडेनऊला जाळीपुढची हवा थरथरू लागली,
तापल्या तव्यावर थरथरते तशी.
दुधाची पिशवी हातात घेऊन मी घड्याळ बघत राहिलो.
दहा मिनिटं. पंधरा.
केस लांब आहेत,
वेळ लागतो.