सत्तेचाळीसला ओ कोण देतं

रात्री पावणेतीनला हॉग्नीचा फोन:
काटा वजन दाखवतोय, पण लेबल कोरं निघतं,
मग दोन बरोबर, मग परत कोरं.
नऊ टन सालमन बर्फात पडून आहे, रानवा,
आणि सहाला बोट सुटते.

स्वेटरावर स्वेटर चढवून
समुद्राखालच्या बोगद्यातून क्लाक्सविकला आले.
हॉलमध्ये सगळे हातमोजे काढून उभे,
लग्नात भटजी न आल्यासारखे.

लॅपटॉप एका उलट्या क्रेटवर ठेवला
आणि हाक मारली:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सत्तेचाळीस.
ओ आली.
परत मारली. ओ आली.
काट्याची तार उपटून हातात घेतली,
परत मारली.

ओ आली.

तार माझ्या मुठीत, टोकातून पाणी गळतंय,
काटा मुका,
आणि सत्तेचाळीस म्हणतोय, आहे.

हॉग्नी म्हणाला, भूत.
मी म्हटलं, भुताला इतकं वक्तशीर राहता येत नाही.
प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक जन्मखूण गोंदलेली असते,
पत्ता बदलला तरी ती बदलत नाही.
ओ देणाऱ्याची खूण काट्याची नव्हती.

मग स्विचपाशी गुडघ्यांवर बसले.
चोवीस भोकं, चोवीस हिरवे डोळे,
त्यातल्या अकरांवर चिठ्ठी नाही.
एकेक तार काढायची, हाक मारायची, परत लावायची.
पहिल्यांदा ऑफिसचा प्रिंटर गेला,
मग गेटचा कॅमेरा,
मग कुणाचा तरी रेडिओ, तो मात्र सगळ्यांना कळला.
एकोणिसावी काढली
आणि सत्तेचाळीस गप्प झाला.

एकोणिसावी तार छतात शिरते,
पाइपांच्या पाठीवरून चालत
जुन्या बर्फघराच्या भिंतीत जाते.
बर्फघर सहा वर्षं बंद.
दार उघडलं, आत उबेचा वास.

काल संध्याकाळी फोर्कलिफ्ट चार्ज करायला
तिथला खटका मी वर केला होता, हॉग्नी म्हणाला,
अगदी हळू.

कोपऱ्यात, डोक्याच्या उंचीवर, एक डबी.
डबीवर टेप, टेपवर टुम्मासचं अक्षर:
४७. तापमान. हात लावू नये.

टुम्मास जाऊन तीन हिवाळे झाले.
त्याच्या हाताखाली मी तारा सोलायला शिकले.
शंभरच्या खालचे पत्ते तो स्वतः वाटायचा,
मळक्या वहीत, पेन्सिलीने,
जहागीर दिल्यासारखे.
ही डबी काल जागी झाली
आणि तिला जे नाव ठेवलं होतं ते घेऊन बसली.
मधल्या काळात कुणाची वर्णी लागली
तिला कोण सांगणार?
दर मिनिटाला ती एक आकडा पाठवत होती,
अधिक नऊ, अधिक नऊ,
जो घेणारा कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला.

काढून टाक, हॉग्नी म्हणाला.
मी तिला दोनशे तीन दिला.
का, ते विचारू नका. टेप तशीच ठेवली,
आकड्यावर फक्त एक रेघ मारली.

पाच वाजून दहा मिनिटांनी पहिली पेटी काट्यावर चढली.
तेवीस किलो चारशे.
लेबल आलं, काळं, सरळ, सुवाच्य.
कुणी टाळ्या नाही वाजवल्या. हातमोजे घातले.

फॉर्मवर एक रकाना असतो: कारण.
हॉग्नी माझ्या खांद्यावरून बघत होता,
खटक्याची कबुली चेहऱ्यावर घेऊन.
मी लिहिलं: जुन्या उपकरणाचा पत्ता, दुरुस्त केला.

गेल्या वसंतात नवा राउटर मी बसवला.
पत्ते दहापासून वाट, असं त्याला मीच सांगितलं.
टुम्मासची वही तेव्हा ड्रॉवरमध्ये होती,
ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता.

हॉग्नीने थर्मासातली कॉफी पुढे केली.
मी घेतली.