उजवीकडचा डबा

देवळालीच्या लिलावातून दोधूमामाने उराल आणली,
सोबत एक रशियन पुस्तक. त्यातलं अक्षर
आख्ख्या चोपड्यात कुणाला लागलं नाही.
चित्रांवर मात्र ग्रीसचे अंगठे उमटत गेले.

मोटारसायकलीचा डबा उजवीकडे. तिच्या मुलखात
ती रस्त्याची कड.
आपल्याकडे त्यात मी बसायचो,
आणि अमळनेरहून येणारे ट्रक
माझ्या कानाला घासून जायचे.
मांडीत तेलाची बाटली, पायाशी पाने, हातोडी,
बांधायची तार, फाटक्या ट्यूबचे तुकडे.

बर्फासाठी घडवलेली ती. मे महिन्यात
तापीचा पूल चढताना खोकायची,
मग गप्प.
मामा बिडी पेटवायचा.
मी उतरायचो.

बसस्टँडसमोर मामा सांगायचा,
"रशियानं लोखंड! हाई गाडी
कधी बंद पडनीच नई."
लोक टाकीवर टिचकी मारून बघायचे,
तो आवाज ऐकून माना हलवायचे.
नाव पार शिरपूरपर्यंत गेलं.
मी खाली बघून पोटऱ्या चोळायचो.

परवा शिरपूरहूनच गिऱ्हाईक आलं.
मामाला आता ऐकू येत नाही,
म्हणून मला विचारलं,
खरंच कधी बंद पडली नाही?
मामा माझ्या ओठांकडे बघत होता.
"नाही," म्हणालो.
"मग चालू करून दाखवा."

मी उठलो,
आणि सवयीने
गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो.