हातचे दोन

रात्रीचे साडेअकरा. भट्टी विझवली आहे,
पण विटा अजून ऊब सोडतात.
कणकेच्या टेबलावर फॉर्म पसरलाय,
खाली जुनं वर्तमानपत्र, कारण इथं कशालाही पीठ लागतं.

थंडर बे. बाहेर उणे एकवीस.
गोठताना सरोवर रात्रभर कण्हतं.
वडील म्हणायचे, त्याला झोप लागत नाही.

पहिले रकाने सोपे.
कामगाराचं नाव : रोडेल मकाराएग. वय एकेचाळीस.
काम : राईची कणीक मळणं, लाटणं, कापणं.
किती वर्षं : सहा.
(सहा वर्षांत दोनदा उशीर. दोन्हीदा बर्फ.)
इजा : डावा हात, मधलं बोट आणि अनामिका,
दुसऱ्या पेरापर्यंत.

मग तो रकाना.
इजा कशी झाली? थोडक्यात लिहा.

दुपारी टोरोंटोहून भावाचा फोन.
त्याचा सल्ला नेहमी फुकट असतो आणि महाग पडतो.
'त्याचंच लक्ष नव्हतं असं लिही, इर्या.
नाहीतर विम्याचा हप्ता वाढेल.
नाहीतर रोख काहीतरी दे आणि कागदच करू नकोस.
सरळ हात वर कर.'

केले मी हात वर, रिकाम्या बेकरीत.
दिव्याखाली दहाच्या दहा बोटं.

लाटणयंत्राची जाळी मार्चमध्ये काढली.
मीच.
कणीक अडकायची, दर ट्रेला चार मिनिटं जायची,
आणि ईस्टरच्या ऑर्डरी तोंडावर.
नंतर लावू, म्हणाले.
ती अजून साखरेच्या पोत्यांमागे उभी आहे,
तिच्यावर कुणीतरी, बहुधा मीच,
एप्रन वाळत घातलाय.

संध्याकाळी हॉस्पिटलात
रोडेल मलाच म्हणाला, सॉरी.
उद्याची कणीक कोण मळणार, म्हणाला.
त्याची बायको मॅरिसेल खिडकीशी. डब्यातला भात तसाच.
तिने एवढंच विचारलं,
पगार शुक्रवारीच होईल ना?
ज्यांचं हातावर पोट
त्यांना आधी पोट आठवतं. हात मागाहून.

होईल, म्हणाले. कागद आज रात्रीच भरते.
एक प्रत तुम्हाला. वाचा, चुकलं असेल तर सांगा.
आणि बरा झालास की, रोडेल...
तिथंच थांबले.
आठ बोटांना झेपेल असं काम
माझ्याकडे आहे का, ते आधी बघायला हवं.
भट्टीची पाळी? वह्या? गाडी?

पेन चिकट झालंय.
लिहिते : यंत्राला जाळी नव्हती.
खोडत नाही.
पुढे लिहिते : ती मालकिणीनं काढली होती.
रकाना संपतो. समासात लिहिते : मार्चमध्ये.

वर्तमानपत्राच्या कडेला
वाढीव हप्त्याची बेरीज मांडून बघते.
हातचे दोन.
पुन्हा मांडते. हातचे दोन,
आणि ते कुठल्या घरात मिळवायचे
हे कुठल्याच शाळेत शिकवलेलं आठवत नाही.

चारला कणीक भिजवायची.
त्याआधी जाळी.
चारांपैकी तीन स्क्रू डब्यात आहेत.
चौथा शोधत मी पोत्यांमागे, गुडघ्यांवर,
पिठात हात फिरवत.