तीस मीटर

कॉरिडॉर मी स्वतः मोजलाय, टेप लावून.
एक्स-रेच्या दारापासून पाण्याच्या फिल्टरपर्यंत
बरोबर तीस मीटर.
दोन टोकांना दोन केशरी शंकू,
भिंतीलगत प्लास्टिकची खुर्ची, लागलीच तर.
सहा मिनिटं चालायचं.
थांबलात तरी घड्याळ थांबत नाही.

दस्तगीर शिकलगार, वय त्रेसष्ट,
उद्यमनगरात चौतीस वर्षं मोल्डर.
पहिल्या दिवशी सात खेपा. दोनशे दहा.
दोनदा खुर्ची.
बोटावरच्या चिमट्यात शहाऐंशी,
आणि तोंडावर असा भाव
की भर बाजारात कुणी उधारी मागितली.

"सिगरेट?"
"न्हाई म्याडम. विडीबी न्हाई.
वाळू वढली."

नाकानं घ्या, म्हटलं, दोन आकडे.
ओठांचा चंबू करा,
बशीतला चहा फुंकताय समजा,
सोडा चार आकडे.
तो घेतच राहिला.
ज्याला पुरत नाही तो साठवतो;
छाती दाबून भरलेलं पोतं,
आत नव्या दाण्याला जागा नाही.
मी तक्ता काढला. फुगे, नळ्या, अडकलेली हवा.
तो ऐकत होता
पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा.

मग एकदम म्हणाला,
"मंजी व्हेंट मारला न्हाई."
काय?
"साच्याला वो. वाळू ठोकून झाली की
तारंनं बारीक भोकं पाडायची.
न्हाईतर रस वतल्यावर आतली हवा जाणार कुटं?
माल रिजेक्ट.
रस मागनं, म्याडम. आदी हवंला वाट."

अकरा वर्षं हेच शिकवते आहे मी.
मला असं कुणी शिकवलं नव्हतं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या, दोन हातांत दोन.
शेजारी सुशीला चौगुले, बानग्याच्या,
गुऱ्हाळाच्या चुलवाणात वीस हंगाम चिपाडं सारलेल्या.
त्यांचा खांदा वर चढला, मान ताणली,
की माझ्या आधी दस्तगीर:
"आक्का, व्हेंट!"
आणि आक्का, डोळे वटारून,
फू करून सगळं बाहेर.

आठव्या आठवड्यात नळीत फुंकायला लावलं.
कागदावर रेघ तिथंच,
होती तशीच खचलेली.
तो कागद उलटा धरून बघत राहिला.
"मग दोन म्हैनं काय केलं आपण?"

खोटं बोलता आलं असतं.
म्हटलं, फुप्फुस गेलं ते गेलं.
शहाणे पाय होतात.
आहे त्या हवेत भागवायला शिकतात.
"पगार त्योच," तो म्हणाला,
"खर्च आटोक्यात."
त्याच्या बायकोनं दाराशी मान डोलावली,
हा विषय तिच्या माहितीतला होता.

मग चालला.
आठ खेपा, वर आठ मीटर.
खुर्चीकडं एकदा पाहिलं, बसला नाही.
अडतीस वाढले, मी म्हणाले,
तीसच्या वर गेलं की माणसाला जाणवतं म्हणतात.
"अडतीस मंजी कुटंपतूर?"
मला सांगता येईना.
त्यानंच बोटांवर मोजलं,
दारातनं गटारीची फरशी, फरशीवरनं पिठाची गिरण.
"फुडं न्हाव्याचं दुकान. नऊ-धा पावलं."
तीन वर्षं न्हावी घरी यायचा,
खाटेवर बसवून दाढी करायचा,
आजारी माणसाची करतात तशी, न बोलता.

शनिवारी आला तो तुकतुकीत.
कानामागं फेस राहिलेला,
हनुवटीवर तुरटीचा पांढरा डाग.
मी काही विचारलं नाही.
वहीत लिहिलं: एक्क्याण्णव, एकदा थांबले.

"परत येताना चढ हाय तितं," तो हळूच म्हणाला.
"नातवाच्या गाडीवरनं आलो."

मी टेबलाखालची लाकडी पायरी
पायानं पुढं ओढली.