परीक्षक क्रमांक तीन

इचिनोमियात, किसो नदीच्या अलीकडे
एक खोली आहे, जिथे ऋतू येत नाहीत.
बारा महिने वीस अंश, पासष्ट टक्के दमटपणा.
कापडाला आधी एक दिवस तिथे नुसतं पडू द्यायचं,
लांबून आलेल्या पाहुण्यासारखं.
मग वीतभर चौकोन कापून
यंत्राच्या ताब्यात द्यायचा.

यंत्र ओढतं, वाकवतं, तिरकं ताणतं, दाबतं.
पियानोच्या तारांचं एक बोट आहे त्याला,
रेषारेषांचं, आपल्यासारखंच.
ते जरासं पुढे जातं, परत येतं
आणि पडद्यावर डोंगररांग उमटते:
खरखरीत असेल तर सुळके, मऊ असेल तर पठार.

त्यातून आकडे निघतात.
कोशी, म्हणजे कापडाचा कणा.
नुमेरी, ओल्या साबणावरून अंगठा निसटावा तसं.
फुकुरामी, मुठीतून सोडल्यावर
जे पुन्हा श्वास घेतं ते.
शून्य ते दहा. दहा अजून कुणाला मिळालेले नाहीत.

हे शब्द यंत्राचे नव्हेत.
डोळे मिटून ठाण चाचपणाऱ्या
गिरणीतल्या म्हाताऱ्यांचे ते.
त्यांतले शेवटचे कुराची-सान
अजून दर गुरुवारी सायकलवरून येतात.
यंत्र ताडून बघायचं असतं, ते यांच्याशी.

आज करडी लोकर, नव्या मिश्रणाची.
यंत्र म्हणालं, नुमेरी सात पूर्णांक दोन.
कुराची-सान म्हणाले, चार.

चार?
चार.

मी वजन तपासलं, तारा पुसल्या,
तुकडा फिरवून पुन्हा लावला.
सात पूर्णांक एक.
मग त्यांच्या बोटांकडे पाहिलं.
पेरांना चिरा, नखांशी साबणानं ओढलेली कातडी.
हिवाळ्यापासून घरची भांडी तेच घासतात, मला ठाऊक होतं.
मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

"बोटांनी नाही सांगितलं," म्हणाले,
आणि शर्टाचं वरचं बटण काढलं.
मानेवर, उजवीकडे, चौकोनी लाली.
काल नेलेला तुकडा
रात्रभर गळपट्टीत खोचून झोपले होते.

"कपडा बोटांनी कोण घालतं?
मी तुकडा घरी न्यायचो, सुमिए गळ्याशी खोचायची.
मग त्यातच भात, धुणं, मुळ्याचे वाफे,
शेजारणीशी भांडण.
संध्याकाळी सांगायची: पाच. सहा. हा नको.
सकाळी गिरणीत मी तेच सांगायचो, डोळे मिटून.
आठवायला मिटायचो, दुसरं काय."

बेचाळीस वर्षं.
ज्या तक्त्यावरून यंत्राला शिकवलं
तो अजून कपाटात आहे.
परीक्षक क्रमांक तीन.
अनुभव: उत्तम. लिंग: पुरुष.

ते गेले. चहा अर्धा राहिला.
फॉर्मवर मानेसाठी रकाना नाही.
शेऱ्यात मी 'चार' लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.

प्रयोगशाळेचा कोट खुंटीला लावताना
उरलेला तुकडा गळ्याशी सरकवला.
स्टेशनपर्यंत काहीच नाही.
दुकानात दूध घेतलं, तेव्हाही नाही.
फलाटावर, गाडी यायच्या जरा आधी,
उजवीकडे

टोचायला लागलं.