फासोळी

साकोलीचा लग्नपत्रिकांचा छापखाना बंद पडला,
तेव्हा दोन महिन्यांच्या पगाराऐवजी
ह्यांनी ही मशीन आणली,
सायकलच्या कॅरिअरला दोरीनं बांधून.
मी म्हटलं, उसाचा चरक आणला काय जी?
दिसते तशीच. दोन रूळ, एक मूठ.
रस तेवढा निघत नाही.

सोबत साचे चार: कलश, सनई, कोयरी
आणि एक बदाम, टोकाला बोथट.
त्याचं टोक नखानं तोडावं लागतं.

पुठ्ठा आठवड्यात संपला.
मग हाताला लागेल ते.

पळसाचं पान हिरवं असलं की छान कापतं,
पण संध्याकाळपर्यंत कोयरीची सुरळी होते.
वाळलं की चुरा.
रात्री ओल्या फडक्यात ठेवायचं, पहाटे कापायचं,
हे कळेस्तोवर सतरा पानं गेली.

कोसा इस्त्रीनं दाबून सपाट केला,
तरी रुळात शिरताना अंग चोरतो.
सायकलची ट्यूब नुसती दबते,
पाटीखाली आणखी पुठ्ठा सारला
तर मूठ फिरवायला दोघं लागतात.
निवडणुकीचं फ्लेक्स मात्र लोण्यासारखं.
एका सनईवर कोणाचा तरी डोळा आला,
जोडलेल्या हातांचा अर्धा अंगठा आला.
ती सनई कोणी घेईना.

अर्धवट वाळलेला पापडही घातला एकदा.
सासूनं पाहिलं, बोलली नाही.
तळणीत कलश फुगला, तेव्हा हसली.

आम्ही धीवर. घरात मासोळीचा साचा नाही,
हे मला सलत होतं.
डुलीचंद वेल्डरला म्हटलं,
आरीच्या पात्याची मासोळी वाकवून दे.
तो म्हणाला, रोहू का मरळ?
तलावाच्या गावात असंच विचारतात.
मी म्हटलं, रोहू.
शेपटीच्या वळणाला तीन पाती मोडली.

सासूचा एक्स-रे खुंटीला होता,
पाळीवरून घसरून पडली तेव्हाचा, भंडाऱ्याचा.
मी नुसती बघत उभी राहिले,
तिला कळलं.
"माह्या फासोळ्या होत त्या वो माय,
आडवी नोको कापू."

साचा उभा ठेवला. मूठ फिरवली.
रूळ करकरले, पाट्या बाहेर आल्या,
आणि हातात पडली निळीकाळी, गुळगुळीत.
दारातल्या उन्हात धरली
तर आत मधोमध कणा,
दोन्ही अंगांनी बारीक वाकलेले काटे,
डावीकडचा तिसरा
जिथं मोडला होता तिथं जरा जाड.

तिनं घेतली. उलटी केली, सुलटी केली,
बाजारात करते तसा
कल्ल्याजवळ अंगठा दाबला.
"एवढ्या कमी काट्याची रोहू?
मरळ होय हे."

उरलेला एक्स-रे परत खुंटीला.
मधल्या भोकातून भिंतीचा सारवलेला पट्टा दिसतो.
मी म्हटलं, सोमवारी दवाखान्यात मागतील.
ती पान लावत होती, वर न बघता म्हणाली,
"सांगजो डॉक्टरले,
फासोळी पोहाले गेली."