आधी कल्ला बघ

माझं नाव अवूर.
आमच्यात नाव म्हणजे जन्माची वेळ:
मध्यरात्र उलटली आणि आई मोकळी झाली.
तारीख कुणी लिहून ठेवली नाही.
ओळखपत्राच्या वेळी साहेबानं एक जानेवारी टाकली,
मी म्हटलं, असू दे.
त्याच खोट्या तारखेवर
चोर खरा ठरला.

मंगळवार होता. किसुमूच्या किनाऱ्यावर
ओमेना वाळत घातलेली, जाळीभर बोटाएवढी चांदी,
मी करकोचे हाकलत होते.
फोन वाजला. आवाज गोड, आई म्हणाला मला.
"लाइन बंद पडेल हो. आत्ता आकडे आलेत ना,
तेवढे सांगा."
माझे हात खवल्यांनी भरलेले.
शेजारच्या पोराला म्हटलं, वाच रे.
त्यानं वाचले. सहाही. मोठ्यानं.

चाळीस वर्षं मासे विकते मी.
नवऱ्याच्या होडीतला असला तरी
कल्ला उघडल्याशिवाय घेत नाही,
डोळा बघते, पोट दाबते,
आणि आवाजाला मात्र
नाक लावलं नाही.

नेटवर्क गेलं.
वाटलं, पाऊसवाऱ्यात मनोरा बसला असेल, येईल सकाळी.
पोरी, तू थांबू नकोस सकाळपर्यंत.
ज्या घटकेला फोन मुका होईल
त्या घटकेला टोपली टाकून दुकान गाठ.
मी झोपले.
आणि शहरात कुठेतरी, माझ्याच सिमवर,
मध्यरात्र उलटताना
दुसरी अवूर जन्माला आली.

तिनं अकरा हजार चारशे शिलिंग काढले.
माझ्या नावावर कर्ज घेतलं.
मग आमच्या भिशीतल्या बायकांना निरोप:
"लेक दवाखान्यात आहे. लगेच पाठव.
फोन करू नकोस, बोलता येत नाही इथे."

रिस्पर भिशीची वही सांभाळते.
डोळ्यांनी अधू, पण तिला फसवायला
तळ्यातला मासासुद्धा दोनदा विचार करेल.
फोन करू नकोस म्हणजे काय?
तिनं उलट लिहिलं: लेकीचं नाव सांग.
दुसऱ्या अवूरकडे आजारी लेक होती,
लेकीला नाव नव्हतं.

रिस्परनं वही मिटली. निघाली पायी,
चिखल तुडवत, माझ्या दारात आली,
धापा टाकत म्हणाली,
"तू तूच आहेस ना?"

उभ्या जन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, हो.
एवढं एक अक्षर,
पण घशातून निघायला वेळ लागला.

ते आकडे, पोरी, ओठाबाहेर काढायचे नाहीत.
बँकवाल्याला नाही, पोलिसाला नाही,
मी मागितले तर मलाही नाही.
आणि कुणी घाई केली की समज, तो बर्फ आहे.
बर्फाखाली नेहमी
कालचा माल असतो.

कर्ज खोडलं त्यांनी.
पाच खेपा, तीन अर्ज,
आणि एकदा काउंटरवर रडले, ते वेगळं.
पण अजवांगनं पाठवले होते तीन हजार,
मुलाच्या शाळेचे.
एका शब्दानं विचारलं नाही तिनं.
निरोपावर नाव माझं होतं,
तेवढं पुरलं तिला.
हे कुठल्या कागदावर खोडायचं?

ती म्हणते, सोड गं.
मी दर शनिवारी थोडे देते,
वर एक जाडजूड न्गेगे टाकते तिच्या टोपलीत.
ती घेते.
पण घेण्याआधी हल्ली
बोटानं कल्ला उचलून बघते,
माझ्यासमोर, माझाच मासा.

मी दुसरीकडे बघत नाही.
टोपली जरा उजेडात सरकवते,
तिला नीट दिसावं म्हणून.